आप्पांची वही आणि कोपऱ्यातलं टेबल

आदरणीय ताई,

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं हॉटेल आहे. सासऱ्यांनी ते १९८१ साली काढलं. त्यांना सगळा गाव आप्पा म्हणायचा. गेल्या वर्षी आप्पा गेले. आता गल्ल्यावर मी बसते, भटारखाना नवरा बघतो. कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलावर रोज पाच ते नऊ गावातली कलाकार मंडळी असतात. कविता करणारे निवृत्त मास्तर, गणपतीची शाळा चालवणारे पेंटरकाका, एक भजनी बुवा आणि त्यांचा पखवाजी, नाटकातली दोन-तीन मुलं. चार चहा, एक प्लेट कांदाभजी आणि चार तास. आप्पांच्या वहीत या टेबलाची उधारी ४१,६५० रुपये निघाली. हायवे चौपदरी झाल्यापासून गाड्या गावात शिरत नाहीत. नवरा म्हणतो, टेबल काढू, भिंतीवरचं दशावतारातल्या संकासुराचं चित्र (पेंटरकाकांनी १९९६ साली रंगवलेलं) टाइल्सखाली घालू आणि फॅमिली रूम करू. त्यात पेंटरकाकांचा मुलगा येऊन गेला. काकांनी २००३ साली आप्पांना दिलेलं एक चित्र गल्ल्यामागे लावलेलं आहे. मुंबईच्या एका पाहुण्याने त्याचे साठ हजार सांगितले, तेव्हापासून मुलगा ते परत मागतोय. त्या तारखेच्या पानावर आप्पांनी लिहिलंय, ‘चित्र मिळाले. खाते चुकते.’ टेबल काढलं तर गावात नाव जाईल, ठेवलं तर हॉटेल जाईल. काय करू?

– गल्ल्यावरची

ता. क. मीही चित्रं काढायचे. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड होती. त्या टेबलाला हे माहीत नाही, सांगायचं तसं कारणही नाही.

*

प्रिय गल्ल्यावरची,

तू माझ्या भाचीएवढी असशील, म्हणून ‘तू’ म्हणते. सल्ला द्यायच्या आधी एक कबुली देते, कारण मी त्या टेबलाच्या बाजूची आहे. गल्ल्याच्या बाजूला मी कधी बसलेली नाही.

विशीत असताना आम्ही राज्य नाट्य स्पर्धेला नाटकं करायचो. तालीम संपली की सहा जण स्टँडजवळच्या एका हॉटेलात. तीन चहा सहांत, आणि पंख्याखालचं टेबल. मालक कधी बोलला नाही. एका वर्षी बक्षीस घेऊन आलो तर त्याने आपणहून शिरा दिला, वर काजू टाकून. मग मला नोकरी लागली, बदली झाली. चार वर्षांनी गावी आले तर हॉटेलच्या जागी कापडाचं दुकान. आम्ही जुने सवंगडी भेटलो, हळहळलो, ‘या गावाला कलेची कदरच नाही’ म्हणालो. माझ्या खात्यावर तेव्हा ११२ रुपये होते. बाकीच्या पाचांचे किती होते ते कुणी बोललं नाही, मीही नाही. आजही स्टँडवर उतरले की मी त्या दुकानाकडे न बघता रिक्षा करते.

तेव्हा तुझ्या नवऱ्याला खलनायक करायचं काम माझ्याच्याने होणार नाही. चूल त्याला पेटवावी लागते.

आता आप्पा. गावात सगळे म्हणत असतील, आप्पा दिलदार माणूस, आता ते दिवस गेले. मी तुझ्या पत्रातली ती चार शब्दांची ओळ तीनदा वाचली. नुसता दिलदार माणूस ‘खाते चुकते’ असं लिहीत नाही. तो चित्र घेतो, पाठीवर थाप मारतो आणि वही विसरून जातो. आप्पांनी चित्राची किंमत केली, ती उधारीतून वळती केली आणि पान बंद केलं. हा धंदा आहे, आणि नीट केलेला धंदा आहे. पेंटरकाकांना त्या दिवशी भीक घातल्यासारखं वाटलं नसेल. आपलं चित्र विकलं गेलं असं वाटलं असेल. गावात राहणाऱ्या चित्रकाराच्या वाट्याला असे दिवस फार येत नाहीत.

तर आधी ती वही घेऊन बस. निव्वळ बेरीज बघू नकोस, तारखा बघ. माझा अंदाज सांगते, चुकला तर कळव. पेंटरकाकांचं खातं वर्षभर चढत असेल आणि गणपतीनंतर एकदम उतरत असेल, कारण शाळेतल्या मूर्ती घरोघरी गेल्या की तेव्हाच त्यांच्या हातात रोकड येते. बुवांचं डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांच्या, हंगामात उतरत असेल. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की गावोगावी दहीकाले, म्हणजे दशावताराची नाटकं, होतात. रात्रभर नाटक करून पहाटे एसटीआधी उसळपाव खायला येणारे दशावतारी तुमच्याकडे येत असतील. कानामागे अजून रंग, डोळ्यांत झोप. त्यांचं खातं बहुधा वहीत नसेलच, रात्रीची बिदागी हातात असते तेव्हा ते रोख देऊन जातात. कलाकाराचा पैसा शेतकऱ्यासारखा येतो, सुगीला. आप्पांना हे ठाऊक होतं आणि ते सुगीला मागत होते. माझी पैज अशी, की ४१,६५० मधली मोठी रक्कम आप्पा अंथरुणाला खिळल्यानंतरची आहे. मागणारा गल्ल्यावर नव्हता आणि नव्या सूनबाईने मागितलं नाही. ती उधारी त्यांच्या दिलदारीतून आलेली नाही, तुझ्या भिडेतून आलेली आहे.

थोडा कायदाही माहीत असू दे. कोर्टात जायला सांगत नाही, चहाच्या बिलासाठी कुणी जात नाही. पण १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात हॉटेलवाल्याने दिलेल्या खाण्यापिण्याच्या पैशांसाठी वेगळी नोंद आहे: तीन वर्षं, आणि ती मोजायची पदार्थ पुढ्यात ठेवला त्या दिवसापासून. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने ‘एवढं देणं आहे’ असं लिहून सही केली तर मुदत तिथून नव्याने सुरू होते. यातून तुझ्यापुरतं एवढंच घे. तीन वर्षांपलीकडचं जे असेल ते आप्पांच्या वर्षश्राद्धाला त्या टेबलासमोर उभं राहून सोडून दे. मोठ्याने सोड, आकडा सांगून. मग उरलेलं ज्याचं त्याला ज्याच्या त्याच्या पानावर दाखव, सही घे आणि कधी देणार ती तिथी त्यांनाच घालू दे. पेंटरकाका अनंत चतुर्दशी म्हणतील. मास्तरांना पेन्शन आहे, त्यांना सवलत नको, एक तारीख पुरे. नाटकातल्या मुलांना मात्र यापुढे खातंच उघडू नकोस. विशीतल्या माणसाला उधारी दिली की तो दहा वर्षांनी दुकानाकडे न बघता रिक्षा करतो.

नवरा टेबल काढायचं म्हणतो त्याचा हिशेब त्याने केलाय का? बहुतेक डोक्यातल्या डोक्यात केला असेल, आणि तिथे सगळ्याच रात्री मे महिन्यातल्या असतात. पंधरा दिवस एक काम कर. सात ते साडेनऊ या वेळात जागा नाही म्हणून किती गिऱ्हाइकं परत गेली ते गल्ल्यावर एका कागदावर रेघा मारून ठेव. थाळी थांबलीच नसेल तर त्या सहा खुर्च्यांना काही किंमत पडत नाही. रिकाम्या खुर्चीपेक्षा मास्तर बसलेले बरे, बाहेरून हॉटेल चालू दिसतं. रेघा शनिवार-रविवारीच पडत असतील तर शनिवार-रविवारपुरता नियम कर. रोज पडत असतील तर नवऱ्याचं म्हणणं खरं आहे, आणि तेही मान्य कर.

मला जे सुचतं ते असं. कोपरा त्यांचा, पण साडेतीन ते पावणेसात. दुपारची थाळी संपलेली असते, रात्रीची लागायची असते, पंखे तसेही फिरत असतात. पावणेसातला पोऱ्या टेबल पुसायला येईल आणि पाण्याचे पेले उचलेल. काही बोलायला लागत नाही, पेले उचलले की माणूस उठतो. कपाचा हिशेब बंद कर, किटली दे. एक किटली, एक दर, ती सहांनी प्यावी नाहीतर दोघांनी. किटली संपली की दुसरी सांगायची किंवा उठायचं. महिन्याची वर्गणी वगैरे कुणी सुचवील, ते ऐकू नकोस. वर्गणी भरली की माणसाला आपण मालक झालोसं वाटतं. आणि एक, जे तू लिहिलं नाहीस पण गावोगावच्या अशा टेबलांचं मला माहीत आहे म्हणून लिहिते. साडेआठनंतर त्या टेबलाखाली बाटली येत असेल तर ती पहिल्या दिवशी बंद कर, फॅमिली रूमच्या आधी. घरच्या बायामाणसांनी हॉटेलात यावं असं वाटत असेल तर ते टाइल्सने होत नाही.

कलाकारांना बसू दिलं म्हणून हॉटेल बुडतं हे काही खरं नाही. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत ‘समोवार’ होतं. उषा खन्नांनी ते १९६४ साली सुरू केलं आणि ते २०१५ पर्यंत चाललं, पन्नासहून अधिक वर्षं. चित्रकार तिथे तासन् तास बसायचे, पण तिथे चित्रांशी काही देणंघेणं नसलेली ऑफिसातली माणसंही पराठे आणि भजी खायला यायची. त्यांच्या जेवणावर चित्रकारांचा चहा स्वस्त राहिला असणार. तुझी सुरमईची थाळी चांगली असेल तर कोपरा टिकेल. थाळी बिघडली तर कवितेने हॉटेल चालत नाही, आणि तेव्हा मास्तरांना दोष देऊ नकोस.

आता चित्र. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर ल पुल्दू नावाचं खेडं आहे. तिथे मारी आंरी नावाची बाई एक लहानशी खानावळ चालवायची. १८८९ साली चित्रकार पॉल गोगँ आणि त्याचा मित्र मेयर द हान तिच्याकडे राहायला आले. पैसे नव्हते. त्यांनी तिची जेवणाची खोली रंगवून काढली. भिंती, दारं, काही सोडलं नाही. गोगँ गेला तेव्हा त्याची बरीच चित्रं तिच्याकडेच राहिली. मग तो ताहितीला गेला, परत आला आणि म्हणाला, माझी चित्रं दे. बाई म्हणाली, देत नाही. तो कोर्टात गेला आणि १८९४ साली हरला. पुढे त्या भिंतींवर कुणी वॉलपेपर चढवला. १९२४ साली तो खरवडताना खालून चित्रं निघाली. तोवर गोगँला जाऊन एकवीस वर्षं झाली होती आणि साऱ्या जगाला त्याचं नाव माहीत झालं होतं.

तो हरला म्हणून मारी आंरीचं सगळं बरोबर होतं असं मला वाटत नाही. त्या दोघांत काय ठरलं होतं ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. तुझ्याकडे तारखेसकट पान आहे. चित्र तुमचं आहे, मुलाला ते मागायचा अधिकार नाही, हे शांतपणे सांग. पण त्याला सांगण्याआधी वही घेऊन पेंटरकाकांच्या घरी जा. शाळेत जाऊ नकोस, घरी जा. ते पान त्यांना वाचून दाखव. तुझ्या पत्रात मुलगा बोलतो, पाहुणा बोलतो, पेंटरकाका एक अक्षर बोलत नाहीत. मला तेच खटकलं.

चित्र विकायचं झालंच तर त्यांना विचारून विक आणि त्यातला वाटा त्यांच्या हातात दे, मुलाच्या नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मूळ चित्र पुढे दहा हजारांहून जास्त किमतीला विकलं गेलं तर चित्रकाराला त्यात हिस्सा मागण्याची तरतूद आहे, दहा टक्क्यांपर्यंत. मी तिसरा हिस्सा देईन, पण मी काही हॉटेल चालवत नाही. आणि चित्र तुमच्या भिंतीवर असलं तरी ते मेन्यू कार्डावर छापायचा हक्क आपोआप तुमचा होत नाही. तेवढी परवानगी त्याच बैठकीत लिहून घे.

संकासुराची भिंत याहून नाजूक आहे. भिंत तुमची, हे खरं. पण दिल्लीत विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं मोठं भित्तिशिल्प होतं. १९७९ साली दुरुस्तीच्या वेळी सरकारने ते उतरवलं आणि त्याची वाट लागली. सहगल सरकारविरुद्ध कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई दिली. पैसे देऊन घेतलेल्या कलाकृतीवरही करणाऱ्याचा काही हक्क उरतो, असं कायदा म्हणतो. पेंटरकाका तुमच्यावर दावा लावतील असं मला मुळीच वाटत नाही. त्यामुळेच त्यांना न विचारता टाइल्स लावणं मला जास्त वाईट दिसतं. विचारल्यावर ते ‘लावा हो, रंग उडालाच आहे’ म्हणतील आणि चहा अर्धा टाकून उठतील. त्या उत्तराला होकार समजू नकोस. नवऱ्याला फॅमिली रूम हवी आहे ना, मग ती त्याच भिंतीला पाठ लावून करा, चित्राच्या खाली कमरेएवढ्या टाइल्स घ्या. पर्यटकांना टाइल्स घरी आहेत. वेद पळवणारा संकासूर आणि त्याच्या मागे लागलेला विष्णू त्यांच्या घरी नाही.

आता तुझा ताजा कलम.

माझी भाची डेन्मार्कला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिने मला स्कागेनला नेलं. देशाचं अगदी वरचं टोक, वाळूचा दांडा, दोन समुद्र येऊन भिडतात, वाऱ्याने उभं राहवत नाही. दीडशे वर्षांपूर्वी ते नुसतं मासेमारांचं गाव होतं, आगगाडीसुद्धा तिथे १८९० साली पोचली. गावात ब्रॉन्डुम कुटुंबाचं दुकान आणि खानावळ होती. १८७० च्या दशकापासून तिथे चित्रकार येऊ लागले. दिवसभर समुद्रावर, होड्यांवर, जाळी ओढणाऱ्या माणसांवर चित्रं काढायची आणि संध्याकाळी ब्रॉन्डुमकडे टेबलाभोवती. त्यांनी एकमेकांची व्यक्तिचित्रं काढून त्या जेवणाच्या खोलीच्या लाकडी भिंतीत बसवली. १९४६ साली ती अख्खी खोली, लाकडासकट, समोरच्या संग्रहालयात हलवली. मी तिच्यात उभी राहिले. आपल्याकडे देवघर असतं तितकीच गंभीर खोली आहे, खानावळीतला माशाचा वास तेवढा उरलेला नाही.

त्या खानावळीच्या मालकांना एक मुलगी होती, आना. चित्रकार यायला लागले तेव्हा ती पंधरा वर्षांची. तिला ते जेवताना दिसत होते, भांडताना दिसत होते, चित्र पुसून पुन्हा काढताना दिसत होते. बायकांना तेव्हा कोपनहेगनच्या अकादमीत प्रवेश नव्हता, म्हणून ती एका चित्रकाराच्या खासगी शाळेत शिकली. १८८० साली तिने त्यातल्याच एकाशी, मिकाएल आंकरशी, लग्न केलं आणि लग्नानंतरही चित्र सोडलं नाही. नवरा वादळातल्या होड्या आणि दाढीवाले खलाशी रंगवायचा, भलेमोठे. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असलेली मोलकरीण रंगवायची, आणि खिडकीतून आत येणारं ऊन. आज स्कागेनला गेलेली माणसं जास्त वेळ कुणापाशी थांबतात, ते मी तिथे पाहिलं. मी स्वतः तिने रंगवलेल्या त्या उन्हापाशी इतका वेळ उभी होते की भाची दोनदा बोलवायला आली.

तू लिहितेस, ‘सांगायचं तसं कारणही नाही’. ज्याला कारण नसतं ते माणूस ताजा कलमात लिहीत नाही. त्या टेबलाचा तुला राग आहे, आणि तो फक्त उधारीचा नाही. वर्षभर ती मंडळी तुझ्यासमोर रंगांबद्दल बोलतायत आणि तुला ‘वहिनी, एक चहा वाढवा’ एवढंच म्हणतायत. राग येणारच. पण त्यांना माहीत नाही, ही त्यांची चूक धरता येत नाही, तू सांगितलेलंच नाहीस. आणि त्या रागाच्या भरात संकासुरावर टाइल्स लागल्या तर त्याचं खापर तू आयुष्यभर नवऱ्यावर फोडशील.

गल्ल्यावरून जे दिसतं ते त्या टेबलावरून कुणाला दिसत नाही. पहाटे रंग न निघालेला राजा उसळपाव खातो तो तुला समोरून दिसतो, त्यांना कधीच दिसणार नाही, ते तेव्हा झोपलेले असतात. बिलाच्या पॅडची पाठ कोरी असते. पेन हाताशी आहेच.

सोमवारी दुपारी गर्दी कमी असेल. साडेतीनला नवऱ्याला भटारखान्यातून बाहेर काढ, तासभर गल्ल्यावर बसव. तू काय करतेस ते त्यालाही कळू दे. पदर खोचलेला असेल तर सोड, कोपऱ्यातल्या टेबलाशी जा आणि खुर्ची ओढून बस. पेंटरकाकांना विचार की संकासुराचा तो काळा त्यांनी कशात कालवला होता, इतक्या वर्षांत तो कसा उडाला नाही. ते तासभर बोलतील.

किटली सांग. आणि तिचे पैसे मास्तरांच्या खात्यावर मांड, पेन्शनवाले आहेत.

तुझी,
ताई